टाकीवरचे त्रेचाळीस

घोटमाळ, ता. अहमदपूर
९ फेब्रुवारी २०२५

सुकन्या,

आशीर्वाद शेवटी लिहीन. आधी ऐक.

फोन सोडून कागद धरला म्हणून घाबरू नको, घरी सगळे धड हायत. तुला ठाऊकच हाय, आमच्या गावात रेंज येती ती फक्त पाण्याच्या टाकीवर, तीही जिन्याच्या अकराव्या पायरीवर. तिथं उभं राहून बोललं की खाली बसलेले दहाजण ऐकतेत आणि दुपारपर्यंत गाव ऐकतं. हे मला गावाला ऐकवायचं न्हाई. गावाला आधीच लई मिळालंय.

काल अहमदपूरला आमच्या माळरान दूध संघाची बैठक झाली. तालुक्यातल्या आम्ही बावीस पशुसख्या, संघासाठी गावोगावची जनावरं बघणाऱ्या बाया. जानेवारीत जनावरांना लाळ्या-खुरकुताची लस टोचली, ती कुणी किती टोचली ते बघायचं होतं. सुपरवायझर राजशेखर साहेबांनी तुमच्या हपिसात बनलेल्या त्या ‘गोठा’ अ‍ॅपमधला नकाशा भिंतीवर पाडला. गावागावावर हिरवा गोल, गोलात आकडा. जेवढी जनावरं तेवढा आकडा. आमच्यातल्याच उज्वलाच्या गावच्या गोलावर साहेबांनी बोट दाबलं तर गोल फुटला, लाह्या उडाव्या तशा टिकल्या उडाल्या आणि एकेका गोठ्यावर जाऊन बसल्या. टिकली दाबली की मालकाचं नाव, जनावर, कानातल्या बिल्ल्याचा नंबर. मी शेजारणीला कोपरानं ढोसून सांगितलं पण, माझ्या भाचीच्या हपिसातलं हाय हे.

मग आमचं गाव आलं. गोलात आकडा ४३. साहेबांनी दाबलं. गोल फुटला न्हाई. दगडोबाची म्हैस आली. बंद करून परत दाबलं. दगडोबाची म्हैस. चार बार दाबलं, चारी बार तीच म्हैस.

“सिंधुबाई,” साहेब म्हणले, “एकाच म्हशीला त्रेचाळीस बार टोचलं का? जिती हाय का बिचारी?”

सगळ्या हसल्या. उज्वला पण हसली.

मी म्हणले, “साहेब, जनावरं त्रेचाळीस हायत. मी एकेकाच्या दावणीला गेलेय.”

“मग नकाशा खोटा का? त्रेचाळीसच्या त्रेचाळीस नोंदी एकाच जागेवर. घरी खाटेवर बसून भरल्यात तुम्ही.”

बारा मार्चला पुढली बैठक. तोवर माझी लसीची पेटी जमा करून घेतली. तेव्हा सगळ्यांपुढं माफीनाम्यावर सही करायची, ‘नोंदी खोट्या भरल्या’ म्हणून. न्हाई केली तर काम गेलं. सही केली तरी गावात कोण मला जनावराला हात लावू देईल?

आज सकाळी पाणी भरायला गेले तर मन्मथ विचारतो, “काय सिंधुवहिनी, म्हैस बरी हाय का?” त्याचं सोड, त्याला दुसरं काम न्हाई. पण महामाया काकू काठी टेकीत दारात आली आणि हळूच म्हणली, “माझ्या गाईला खरंच टोचलंस ना गं?” तिच्या गाईचं शिंग धरायला ती स्वतः होती, सुकन्या. तिनं विचारलं.

सात वर्षं हे काम करून राहिले. माझी बेचाळीस जनावरं तुमच्या नकाशानं कुठं गिळली, ते बघून सांग.

आशीर्वाद.
सिंधुआत्या


नांदेड
१४ फेब्रुवारी २०२५

आत्या,

नमस्कार. पत्र काल मिळालं. आज ऑफिसात तुझ्या नोंदी काढून पाहिल्या. जे दिसलं ते सांगते.

नकाशावर शेकडो खुणा एकदम दाखवल्या तर एकीवर एक चढतात आणि कुठलीच नीट दाबता येत नाही. म्हणून जवळजवळच्या खुणांचा एक गोल करतात आणि त्यात त्यांची संख्या लिहितात. गोल दाबला की नकाशा जवळ येतो, खुणांमधलं अंतर वाढतं आणि त्या सुट्या होतात. दोन गोठ्यांमध्ये दहा पावलं असली तरी त्या सुट्या होतात. होत नाहीत त्या एकाच परिस्थितीत, जेव्हा त्यांच्यात अंतरच नसतं.

तुझ्या त्रेचाळीस नोंदींमध्ये अंतर नाही. अक्षांश-रेखांशाचे दशांशचिन्हानंतरचे सहाही आकडे सगळीकडे तेच आहेत. वेळही पाहिली. पहिली नोंद ११ वाजून ४२ मिनिटांची आहे, शेवटची ११ वाजून ४४ मिनिटांची. दोन मिनिटांत त्रेचाळीस जनावरं टोचता येत नाहीत.

नकाशा आपल्या मनानं काही करत नाही. त्याला जे मिळतं ते तो दाखवतो.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. लस टोचलीच असशील, पण नोंदी मात्र नंतर घरी बसून एकदम भरल्यास, असं दिसतं. बऱ्याच जणी तसं करतात. तसं असेल तर राजशेखर साहेबांना तेवढंच लिहून दे, की लस खरी आहे, नोंदी उशिरा आणि एका जागी भरल्या. कदाचित ते माफीनाम्याचा मजकूर बदलतील. जे घडलं तेवढंच कबूल करावं, जास्त नाही.

बाबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही.

सुकन्या


घोटमाळ
२० फेब्रुवारी २०२५

सुकन्या,

आशीर्वाद न्हाई.

‘मी तुझ्यावर रागावलेली नाही.’ तू कोण गं माझ्यावर रागावणारी? पाचवीच्या सुट्टीत माझ्या गोठ्यात आलीस तेव्हा वासराच्या जिभेला भिऊन गव्हाणीवर चढून बसली होतीस. आता मला शिकवून राहिलीस, काय कबूल करावं आणि किती.

दोन मिनिटं म्हणतीस ना? घे, त्या दिवसाचा हिशेब घे. सतरा जानेवारी आणि अठरा जानेवारी, दोन दिवस. सतराला सकाळी बर्फाची पेटी खांद्यावर घेऊन वरच्या आळीपासून सुरुवात केली. दगडोबाची म्हैस पहिली, कारण त्याचं घर पहिलं. महामाया काकूची गाय दुसरी. मन्मथच्या गोऱ्ह्यानं अशी लाथ घातली की मांडी अजून काळीनिळी हाय, या वयात दाखवायची कुणाला? मन्मथ दावं धरायच्या ऐवजी लांब उभा राहून म्हणतो, “वहिनी, तो तसा गरीब हाय.” पहिल्या दिवशी चोवीस झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या आळीत एकोणीस. प्रत्येक गोठ्यात उभं राहून बिल्ल्याचा नंबर आधी वहीत लिहिला, मग फोनमध्ये भरला. बारा आकडे. जनावर मान हालवतं, बिल्ल्यावर शेण असतं, ते पदरानं पुसायचं आणि वाचायचं. मग टाकीवर गेले, पाठवलं, घरी येऊन भाकरी थापली. एवढंच.

सगळे असेच करतेत. आमच्या गावातून काहीही पाठवायचं तर माणूस असंच करतं.

राजशेखरचं मला एवढं वाईट वाटलं न्हाई. तो परका माणूस. त्यानं भिंतीवर बघितलं आणि हसला. तू तर हपिसात खुर्चीवर बसून आतलं उघडून बघितलंस आणि तुला पण तेच दिसलं जे त्याला दिसलं. मग तुझ्या शिक्षणाचा उपयोग काय झाला? ते तर भिंतीवर बघून पण कळतं.

वहीची पानं उतरवून सोबत लावलीत. त्रेचाळीस नावं, त्रेचाळीस नंबर. तुला वाचायची गरज वाटली तर वाच. न्हाईतर बंबात घाल.

वैजनाथदादाला सांगितलं न्हाईस ते बरं केलंस. त्याला कशाला कळावं त्याची पोरगी त्याच्या बहिणीला खोटी म्हणती.

उत्तर लिहू नको.

सिंधु


नांदेड
३ मार्च २०२५

आत्या,

उत्तर लिहू नको म्हणालीस, तरी लिहिते आहे. तुझी यादी मी वाचली.

वाचली म्हणजे तपासली. तुझ्या वहीतला एकेक नंबर आमच्या नोंदींशी ताडला. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस सापडले. एकही आकडा चुकलेला नाही, एकही नंबर दोनदा नाही. दगडोबाची म्हैस एकदाच आहे. महामाया काकूंची गाय आहे. मन्मथचा गोऱ्हा आहे. आत्या, ती सगळी जनावरं पहिल्या दिवसापासून तिथंच होती. प्रत्येक नोंदीला बारा रकाने असतात. मी त्यातले दोन पाहिले, जागा आणि वेळ, आणि तुला पत्र लिहिलं. बिल्ल्याच्या नंबराचा रकाना पाहायला अर्धं मिनिट लागलं असतं.

राजशेखर यांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर हीच माहिती सरळ यादी म्हणूनही दिसते. त्यांनी ती उघडली असती तर त्यांनाही तेवढाच वेळ लागला असता. त्यांनी ती उघडली नाही. चार वेळा एकच गोल दाबला आणि बावीस बायकांसमोर विनोद केला. याचा मला इतका राग आला आहे की हे वाक्य मी तीनदा लिहून सौम्य केलं आहे.

आता घडलं काय ते. अ‍ॅपमध्ये दोन चुका आहेत.

पहिली. नोंद कुठं झाली हे अ‍ॅप नोंद भरताना विचारत नाही. ‘पाठवा’ दाबल्यावर विचारतं, तेही एकदाच, आणि साठलेल्या सगळ्या नोंदींना तीच जागा आणि टोचल्याच्या ऐवजी पाठवल्याची वेळ चिकटवतं. दोन मिनिटं लागली ती त्रेचाळीस नोंदी पाठवायला. वास्तविक जागा कळायला फोनला रेंज लागत नाही, उघडं आकाश पुरतं. गोठ्याबाहेर उभं राहूनही ती घेता आली असती. पण नांदेडमध्ये नोंद भरणं आणि पाठवणं यांच्यात दोन सेकंद जातात, म्हणून इथं हा फरक कुणाला दिसला नाही. घोटमाळला त्यात दोन दिवस जातात.

दुसरी. गोल दाबला आणि नकाशा पूर्ण जवळ येऊनही तो फुटला नाही, तर काय करायचं? अशा वेळी आतल्या सगळ्यांची यादी उघडायला हवी. अ‍ॅप तसं करत नाही. जे पहिलं असेल ते उघडतं आणि बाकीच्यांबद्दल गप्प बसतं. दगडोबांचं घर पहिलं, म्हणून त्यांची म्हैस. शंभर वेळा दाबलं असतं तरी तीच आली असती.

म्हणजे नकाशानं तुला टाकीवर उभं केलं आणि तुझी बेचाळीस जनावरं एका म्हशीखाली झाकली.

तू मला फोन न करता पत्र का लिहितेस हे पहिल्याच पत्रात पहिल्याच परिच्छेदात सांगितलं होतंस. टाकी, जिना, अकरावी पायरी. मी ते वाचलं आणि पुढं गेले. नंतर सहा आकडी जागा हातात धरून मी तुला विचारत होते की तू कुठं होतीस.

आमचे मुख्य अवधूत सर यांच्याशी काल बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“पुढच्या आवृत्तीत करून टाक,” ते म्हणाले.

“दूध संघाला कळवायला हवं. लेखी.”

“ग्राहकाला ‘चूक झाली’ असं लिहायचं नसतं, सुकन्या. ‘सुधारणा केली’ असं लिहायचं. एप्रिलमध्ये त्यांचा करार संपतोय.”

“पण एका बाईचं काम काढून घेतलंय यावरून. बारा तारखेपर्यंत तिनं सही करायची आहे.”

“कोण बाई?”

“अहमदपूर तालुक्यातली एक पशुसखी.”

“बघू,” ते म्हणाले आणि फोन घेतला.

तुझं नातं मी सांगितलं नाही. नवी आवृत्ती महिनाअखेर निघेल. तोवर सही करू नकोस. मी प्रयत्न करते आहे.

सुकन्या


घोटमाळ
७ मार्च २०२५

सुकन्या,

पत्र दोन बार वाचलं. एक बार मनात, एक बार महामाया काकूला मोठ्यानं. काकूला नकाशाचं काही कळलं न्हाई, पण ‘दगडोबाची म्हैस एकदाच आहे’ हे कळलं. ती म्हणली, “हे कागदावर हाय ना? मग झालं.” झालं कुठं, काकू. हा कागद भाचीनं आत्याला लिहिलाय. राजशेखर साहेब म्हणेल, तुमची घरची पोरगी, ती काय बी लिहील.

‘बघू’ म्हणला तुझा साहेब. आमच्या इकडं ‘बघू’ म्हणजे न्हाई. नांदेडात काय असतं?

महिनाअखेर नवं येईल. बारा तारीख महिनाअखेरच्या आधी येती का नंतर, हे तुझ्या साहेबाच्या कॅलेंडरवर बघ. राजशेखरनं माफीनामा छापून शिपायाच्या हाती पाठवलाय. ‘मी, श्रीमती सिंधु’ म्हणून सुरुवात हाय. खाली सहीला रेघ मारून ठेवलीय, लांबलचक. माझं नाव एवढं लांब न्हाई.

दोन गोष्टी विचारते. सरळ उत्तर दे.

एक. ‘तालुक्यातली एक पशुसखी’ म्हणलीस. माझी आत्या हाय म्हणायला लाज वाटली का?

दोन. सगळं पत्र लिहिलंस. अ‍ॅप विचारत न्हाई, अ‍ॅप उघडतं, अ‍ॅप गप्प बसतं. अ‍ॅप काय भुईतून उगवलं का गं? कुणीतरी बसून लिहिलं असंल ना? ज्यानं ते ‘पहिलं उघड, बाकीच्यांबद्दल गप्प बस’ लिहिलं, त्याचं नाव सांग. माझं नाव बैठकीत घेतलं, भिंतीवर घेतलं, चार गावांत घेतलं. त्याचं नाव तुम्ही एवढं झाकून का ठेवलंय? कुणाचा कोण लागतो तो?

बाराला सकाळी अकराला बैठक.

सिंधुआत्या


नांदेड
१० मार्च २०२५

आत्या,

टपालानं हे वेळेत पोचणार नाही, म्हणून नांदेड-लातूर गाडीचे कंडक्टर शिवकुमार यांच्याकडे देते आहे. ते अहमदपूर स्थानकावर कंट्रोलरकडे ठेवतील. तसा मेसेज पाठवला आहे. तो टाकीवर वाचूनच तू हे पाकीट घ्यायला आली असशील.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी.

ते मी लिहिलं.

दोन्ही. जागा ‘पाठवा’च्या वेळी घ्यायची हे मी ठरवलं, कारण प्रत्येक नोंदीला जागा शोधायला आठ सेकंद लागत होते आणि मला ते आठ सेकंद वाचवायचे होते. फॉर्म झटपट चालतो म्हणून त्या वेळी माझं कौतुक झालं. गोल फुटला नाही तर पहिली नोंद उघडायची, ही ओळही माझीच. तिच्यावर मीच शेरा लिहिलेला आहे: ‘तात्पुरतं. नंतर यादी दाखवायची.’ खाली तारीख आहे, १८ जून २०२४. म्हणजे चूक आहे हे मला त्या दिवशी माहीत होतं. एका जागी दोन जनावरं असू शकतात हे मला कळत होतं. त्रेचाळीस असतील आणि त्यांच्यामागे एक बाई उभी असेल, हे डोक्यात आलं नाही. नंतर दुसरं काम आलं आणि मी ते विसरले.

तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी ती ओळ मला आठवायला हवी होती. आठवली नाही असं मी म्हणू शकते. खरं हे आहे की अंधूक आठवली, आणि म्हणूनच मी इतक्या घाईनं जागा आणि वेळ पाहिली आणि तुझी चूक सापडल्यावर थांबले. मागच्या पत्रात ‘अ‍ॅप विचारत नाही, अ‍ॅप उघडतं’ असं लिहिताना मला नेमकं माहीत होतं मी काय करते आहे. अवधूत सर ‘चूक’च्या जागी ‘सुधारणा’ लिहितात म्हणून मला त्यांचा राग आला होता. मी ‘मी’च्या जागी ‘अ‍ॅप’ लिहिलं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर. लाज नव्हती. आत्या म्हटलं असतं तर सरांनी ते घरचं प्रकरण मानलं असतं. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज वाटतं, तुझं नाव घेतलं असतं तर पाठोपाठ माझंही घ्यावं लागलं असतं.

सोबत तीन कागद आहेत. पहिल्या दोनांवर तुझ्या त्रेचाळीस नोंदी क्रमानं छापल्या आहेत: मालक, जनावर, बिल्ल्याचा नंबर. तिसऱ्यावर हा मजकूर आहे:

‘वरील त्रेचाळीस नोंदी स्वतंत्र व खऱ्या आहेत. बिल्ल्याचे सर्व नंबर वेगवेगळे असून ते संघाच्या कार्यालयातील यादीतही आहेत, कृपया पडताळावेत. सर्व नोंदी एकाच जागेवर दिसणे आणि गोल दाबल्यावर एकच नोंद उघडणे या दोन्ही चुका नोंद करणाऱ्या व्यक्तीच्या नाहीत. त्या अ‍ॅप लिहिणाऱ्या व्यक्तीच्या, म्हणजे माझ्या आहेत. सुकन्या वैजनाथ बिरादार.’

कंपनीच्या कागदावर लिहायची परवानगी मिळाली नाही, म्हणून साध्या कागदावर आहे. एक प्रत आज अवधूत सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली, घडी घातली आणि विचारलं, “याचा अर्थ कळतोय ना तुला?” मी हो म्हटलं.

तू म्हणतेस, राजशेखर म्हणतील घरची पोरगी आहे. म्हणूदेत. माझ्यावर विश्वास ठेवू नका, नंबर पाहा, असंच मी लिहिलं आहे.

माफी मी या पत्रात मागत नाही. ती कागदावर मागून सोपी होते.

सुकन्या


घोटमाळ
१४ मार्च २०२५

सुकन्या,

बाराला काय झालं ते सांगते. मधे बोलू नको.

बैठक सुरू झाली तसं राजशेखर साहेबांनी माफीनामा पुढं सरकवला, वर पेन ठेवला. मी तुझे तीन कागद त्यांच्याकडं सरकवले. त्यांनी पहिलं तिसरा वाचला. मग वरचे दोन चाळले. मग कॉम्प्युटर उघडून तीन-चार नंबर बघितले.

“अच्छा,” म्हणले, “म्हणजे मशीनची चूक होती तर. मिटलं मग, सिंधुबाई. पेटी घेऊन जा तुमची.”

मी म्हणले, “कसं मिटलं? मागल्या बैठकीत तुम्ही मोठ्यानं बोललात. आता मोठ्यानं वाचा.”

“काय वाचू?”

“हेच. त्रेचाळीस.”

“अहो बाई, वेळ…”

“मागं चार बार दाबायला वेळ होता, साहेब.”

कुणीतरी मागून म्हणलं, वाचा की. उज्वलाचा आवाज होता. हसली होती ना ती, म्हणून असंल.

साहेब वाचायला लागले. “एक. दगडोबा, म्हैस.” सगळ्या हसल्या. “दोन. महामाया, गाय.” मी म्हणले, बिल्ल्याचा नंबर पण. “बारा आकडे?” साहेब म्हणले. मी म्हणले, बाराच्या बारा, मी शेण पुसून वाचलेत. पाचव्या-सहाव्यापर्यंत हसू होतं. दहाव्याला कुणी हसत नव्हतं. वीसच्या पुढं नुसता त्यांचा आवाज आणि पंखा. मन्मथचा गोऱ्हा आला तेव्हा मांडीवर आपोआप हात गेला माझा. वीस मिनिटं लागली. मधे पाणी प्याले साहेब.

त्रेचाळीस झाले आणि कागद खाली ठेवायला लागले. मी म्हणले, तिसरा राहिला.

“तो काय वाचायचा?”

“तो पण वाचायचा.”

वाचला. ‘म्हणजे माझ्या आहेत’पर्यंत आले आणि थांबले. “ही बिरादार कोण?”

“नाव वाचा आधी. मग सांगते.”

“सुकन्या वैजनाथ बिरादार.”

“माझी भाची,” मी म्हणले. “सख्ख्या भावाची पोरगी.”

खाली मान घालून ऐकून घेता आलं असतं, ‘ही कुणी हपिसातली’ म्हणून सोडता आलं असतं. तसं करावं असं क्षणभर वाटलं पण. तुझ्यासाठी न्हाई, दादासाठी. पण मग मी पण तुझ्यासारखंच केलं असतं. म्हणून मोठ्यानं वाचायला लावलं. चव्वेचाळीसावं नाव तुझं होतं.

साहेब माफी मागतील असं वाटलं होतं. न्हाई मागितली. जाताना परत म्हणले, “मशीनचं काही सांगता येत न्हाई, बाई.” मी पेटी खांद्याला लावली आणि म्हणले, “मशीन हसलं न्हाई, साहेब. तुम्ही हसलात.” एवढं बोलून निघाले.

माफीनामा घेऊन आले. त्याच्या मागल्या कोऱ्या बाजूवर हे पत्र लिहून राहिले. उलटून बघ, रेघ केवढी मोठी मारली होती ते.

आता तुझं. राग गेला म्हणून समजू नको. राजशेखरला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं आणि मला विचारलंस, कुठं होतीस. ते मी लवकर विसरणार न्हाई. तू पण विसरू नको.

एप्रिलमध्ये दुसरा डोस हाय. मन्मथच्या गोऱ्ह्याला धरायला माणूस पाहिजे. मन्मथ धरत न्हाई. तू यायचं.

आणि हपिसात काय झालं ते लिही. ‘अ‍ॅपला काढलं’ असं लिहू नको.

आशीर्वाद. अर्धाच.
सिंधुआत्या


नांदेड
२२ मार्च २०२५

आत्या,

ऑफिसात हे झालं: दूध संघानं फोन करून विचारलं की बाकीच्या गावांच्या नोंदींचं काय. तपासल्यावर अशी आणखी सहा गावं निघाली, सगळी डोंगराकडची. अवधूत सरांनी मला बोलावलं आणि नकाशाचं काम माझ्याकडून काढून घेतलं. नोकरी आहे. कौतुक झालं होतं ते काम नाही. मला त्यांचा राग आहे, पण काम काढून घेतल्याबद्दल नाही. त्या सहा गावांत कुणाकडून आधीच सही घेतली गेली का, हे त्यांनी विचारलं नाही. मी विचारलं. निलंग्याकडच्या एका गावातल्या बाईंनी ऑक्टोबरातच सही करून काम सोडलं आहे. त्यांचा पत्ता मिळवला. उद्या त्यांना पत्र लिहिणार आहे. त्यात ‘अ‍ॅप’ हा शब्द वाक्याचा कर्ता नसेल.

काम सोपवण्याआधी एक दिवस मिळाला. त्यात ती ओळ मीच काढली. आता गोल फुटला नाही तर आतल्या सगळ्यांची यादी उघडते. जागाही भरतानाच घेतली जाते. आठ सेकंद लागतात.

माफीनामा टेबलाच्या खणात ठेवला आहे. सहीची रेघ मोजली, साडेअकरा सेंटिमीटर.

बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “गोऱ्ह्याच्या मागं उभी राहू नकोस.”

पाच एप्रिलला पहिल्या गाडीनं येते. गोऱ्हा मी धरीन. कसा धरायचा ते मला माहीत नाही, दाखव. आठ सेकंद दोघींनाही प्रत्येक गोठ्याबाहेर उभं राहावं लागेल. टाकीवर आपण फक्त पाठवायला जाऊ. तिथं काय बोलायचं असेल ते मी अकराव्या पायरीवर उभी राहून मोठ्यानं बोलेन. खाली दहाजण बसलेले असावेत.

सुकन्या